थीम पार्कच्या रोड ट्रिपमध्ये दुसऱ्या पार्कापाशीच सगळे का गळतात?

पहिलं पार्क मस्त होतं. दुसऱ्याच्या दाराशी पोहोचेपर्यंत मात्र धाकट्याचं तोंड फुगलेलं असतं, मोठीला झोप आवरत नाही, गाडी चालवणाऱ्याची मान धरलेली असते आणि तिकिटं काढलीच आहेत म्हणून सगळे पाय ओढत आत शिरतात. दुपारी तीनच्या सुमारास कुणीतरी रांगेतच रडायला लागतं, मोठ्यांपैकी कुणाचा तरी आवाज चढतो आणि अर्ध्याहून जास्त पार्क न बघताच मंडळी परत फिरतात. पुढच्या सुट्टीत रस्ता बदलतो, पार्कं बदलतात, हॉटेलं बदलतात. दुसऱ्या पार्कापाशी हेच पुन्हा घडतं.

नात्यातली, ओळखीतली मंडळी आपापले बेत मला दाखवतात. त्यात मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधते: ज्या दिवशी गाडीचा लांब पल्ला आहे, त्याच दिवशी पार्कही ठेवलंय का? फसलेल्या बेतात असा एक तरी दिवस सापडतोच. गर्दी, ऊन, हॉटेल लांब असणं, मुलांचे हट्ट या सगळ्या तक्रारी खऱ्या असतात, पण मूळ दुखणं तिथे नसतं.

दुखणं असं आहे की नकाशावर पार्कला आपण वाटेतला थांबा समजतो. इथून निघायचं, मध्ये पार्क बघायचं, पुढे मुक्कामाला जायचं. प्रत्यक्षात पार्कचा दिवस हा सगळ्या सहलीतला सर्वात जड दिवस असतो. मोठ्या पार्कात दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं, त्यावर तासन्‌तास रांगेत उभं राहणं, ऊन, गोंगाट आणि राइडमध्ये शरीराला बसणारे हिसके. हा दिवस चार-पाच तास गाडीत बसून झाल्यावर सुरू केला किंवा संपल्यावर पुन्हा चार तासांचा रस्ता ठेवला, तर त्याची वसुली दुसऱ्या पार्काच्या दिवशी होते. पहिलं पार्क नव्या उत्साहावर निभावून जातं, म्हणूनच बेत चुकला आहे हे तेव्हा कळत नाही.

आधी बेत तपासा

वही काढा किंवा मोबाइलवर बेत उघडा आणि प्रत्येक दिवसापुढे दोनच आकडे लिहा: गाडीत किती तास, पार्कात किती तास. पार्काच्या दिवशी गाडीचा आकडा एक तासाच्या वर गेला असेल तर तो दिवस बिघाडाचा. जाऊन-येऊन मिळून एक तास, एका बाजूचा नव्हे.

गाडीचे तास मोजताना नकाशाच्या ॲपवरचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. ॲप वाहतूक धरतं, पण तुमचे थांबे धरत नाही. ४८० किलोमीटरचा रस्ता ताशी ८० च्या सरासरीने सहा तासांचा होतो. दर दोन तासांनी किमान १५ मिनिटांचा थांबा हा गाडी चालवणाऱ्यासाठीचा जुना आणि चांगला नियम आहे. बरोबर मुलं असतील तर १५ ची २५ मिनिटं होतातच, कारण सगळ्यांना उतरवणं, स्वच्छतागृह, हात धुणं आणि पुन्हा पट्टे लावून बसवणं यातच तेवढा वेळ जातो. त्यात एक जेवण धरा. सहा तासांचे साडेसात ते आठ झाले. हे आठ तास आधीच कागदावर असले की संध्याकाळी सातला पोहोचल्यावर कुणी कुणावर चिडत नाही. आणि वाटेत टाइम झोन बदलत असेल तर पूर्वेकडे जाताना एक तास आणखी कमी होतो, तोही मांडा.

अशी तपासणी केली की बहुतेकांना तो दिवस लगेच दिसतो. मग प्रश्न येतो की तो बेतात शिरला कसा. साधारणपणे मुक्कामाची एक रात्र वाचवण्यासाठी. पहाटे चारला निघू, दहाला पार्कात पोहोचू, म्हणजे एक दिवस आणि एका रात्रीचं भाडं दोन्ही वाचेल, असा हिशेब असतो. तो उलटा पडतो. पार्क उघडल्यानंतरचा पहिला तास-दीड तास रांगा सगळ्यात लहान असतात, आणि वाटेत जरा उशीर झाला की नेमका तोच वेळ हातचा जातो. पूर्ण दिवसाची तिकिटं काढून सगळ्यात गर्दीच्या वेळेला, झोप न झालेली मुलं घेऊन आत जायचं, याला मी तरी बचत म्हणणार नाही. आदल्या संध्याकाळी पार्कापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर मुक्काम करा. या एका बदलाने निम्मा बिघाड जातो.

रात्रीचा रस्ता काढून टाका

पार्क बंद झाल्यावर लगेच पुढच्या गावाला निघणं हा बेत मी पाहिला की हात जोडून सांगते, एवढं करू नका. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला स्टिअरिंगवर असतो तेव्हा तो सलग १७ तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे: १७ तास जागं राहिल्यावर माणसाचं डोळ्यांचं आणि हातांचं एकत्रित काम, रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना जेवढं बिघडतं तेवढं बिघडतं. कित्येक देशांत गाडी चालवताना तीच कायदेशीर मर्यादा आहे. त्यातून मध्यरात्र ते सकाळी सहा हा शरीराच्या घड्याळाप्रमाणे झोपेचा सर्वात जोराचा काळ, आणि दुपारी दोन ते चार हा दुसरा. मागे सगळे गाढ झोपलेले, बोलायला कुणी नाही, दिवसभर उन्हात चालून पाय भरून आलेले. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं याने पेंग जात नाही. कॉफीचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि तोही तात्पुरता. पेंग यायला लागली तर सुरक्षित जागी गाडी थांबवून कॉफी घ्यावी आणि पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटावेत. हा आणीबाणीचा उपाय आहे, बेतात लिहायचा नाही.

मुलांनाही रात्रीचा रस्ता सोसत नाही, आणि त्याचं कारण कानात आहे. गाडी लागते ती आतल्या कानाला हालचाल जाणवते पण डोळ्यांना ती दिसत नाही म्हणून. साधारण २ ते १२ वर्षं वयाच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो. दिवसा खिडकीबाहेर लांबवर बघितलं की डोळे आणि कान यांचा मेळ बसतो. अंधारात बाहेर बघायला काही नसतं. दिवसभर गोल फिरणाऱ्या राइडमध्ये बसलेलं पोर रात्री मागच्या सीटवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं की पहिल्या वळणांच्या रस्त्यावर ओकतं, आणि घरचे म्हणतात काहीतरी बाधलं असेल. स्क्रीन आणि पुस्तक बंद, नजर लांब, खिडकी थोडी उघडी, पोट ना गच्च ना रिकामं. वय आणि उंचीप्रमाणे लागणारी चाइल्ड सीट मागच्या मधल्या जागेवर नीट बसत असेल तर तिथून पुढचा रस्ता दिसतो, ते उत्तम. औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या अर्धा-एक तास आधी, कारण मळमळ सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. ही औषधं बहुधा झोप आणतात, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नयेत.

दिवस कसे लावायचे

क्रम साधा आहे. प्रवासाचा दिवस, मग पार्काचा दिवस, मग हलका दिवस, मग दुसरं पार्क. हलक्या दिवशी उशिरा उठायचं, कपडे धुवायचे, दोन-अडीच तासांच्या आत पुढच्या मुक्कामी जायचं. हा दिवस कुणालाच बेतात ठेवावासा वाटत नाही, कारण त्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नसतं. पण दुसऱ्या पार्काचा आनंद त्याच्यावर उभा असतो. आठवडाभराच्या सुट्टीत माझ्या मते दोनच पार्कं बसतात. तिसरं घुसवायचं असेल तर ते अर्ध्या दिवसाचं, लहान आणि मुक्कामाच्या जवळचं असावं.

काही भागांत पार्कं एकमेकांच्या जवळ आहेत. अमेरिकेतल्या ऑर्लँडोच्या परिसरात डिस्नेचं १९७१ साली सुरू झालेलं मॅजिक किंगडम आहे आणि १९९० चं युनिव्हर्सलही. पॅरिसभोवती आस्तेरिक्स या फ्रेंच कॉमिकमधल्या वीराचं पार्क १९८९ साली आलं आणि डिस्नेलँड १९९२ साली. अशा ठिकाणी मुक्काम एकच ठेवा. रोज बॅगा भरून नवं हॉटेल गाठण्यात जो दम जातो तो कुणी मोजत नाही, पण पार्काच्या सकाळी तो जाणवतो.

दोन पार्कांपैकी लहान आधी, मोठं नंतर. उलट केलं तर मोठे रोलर कोस्टर बघून आलेल्या मुलांना दुसरीकडे काही नवं वाटत नाही आणि कुरकुर सुरू होते. मात्र ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते पार्क सुट्टीच्या शेवटच्या दिवशी नको. त्याच्यानंतर एक मोकळा दिवस असू द्या. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद करतात, आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून अर्धा तास थांबणं ही सुरक्षिततेची सर्वसाधारण शिफारस आहे. पाठोपाठ गडगडाट होत राहिला तर अख्खी दुपार जाते. मोकळा दिवस हाताशी असला तर अशा वेळी जीव खालीवर होत नाही.

हे सगळं लावण्याआधी पार्काचं कॅलेंडर बघा, रस्ता नंतर. थंड हवेच्या देशांत बरीच पार्कं हंगामाबाहेर बंद असतात किंवा फक्त शनिवार-रविवारी उघडतात, आणि मोठ्या राइड दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद ठेवल्या जातात, त्याची यादी बहुधा पार्काच्या साइटवर असते. हॉटेलं आधी ठरवून मग पार्काची तारीख जुळवायला गेलं की प्रवास आणि पार्क एकाच दिवशी येऊन बसतात.

रांग लहान कशी करायची

दुपारी तीनच्या रडण्याचा दुसरा भाग रांगेत आहे. रांगेच्या लांबीकडे बघून किती वेळ लागेल हे कळत नाही. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांचा एक नियम गणिताने सिद्ध केला, त्याचा आपल्या कामाचा अर्थ असा: पुढे असलेली माणसं भागिले तासाला सुटणारी माणसं, म्हणजे तुमची वाट बघण्याची वेळ.

हे उभ्या उभ्या करून बघता येतं. कोस्टरच्या फलाटाकडे नजर ठेवा. एका गाडीत २४ जागा आहेत आणि दर दीड मिनिटाला एक गाडी सुटते आहे असं समजा. तासाला ४० गाड्या, म्हणजे ९६० माणसं. पुढे ४८० डोकी असतील तर अर्धा तास. आता सकाळी किंवा कमी गर्दीच्या दिवशी त्यांनी एकच गाडी रुळावर ठेवली आणि ती दर तीन मिनिटांनी सुटत असेल, तर तीच ४८० माणसं एक तास घेतात. रांग दिसायला तेवढीच. शिवाय जादा पैशांची जलद रांग पुढे जाऊन याच रांगेला मिळत असेल तर तिकडच्यांना आधी सोडलं जातं, आणि तुमचा हिशेब आणखी लांबतो. अशा ठिकाणी दारावरच्या फलकावर लिहिलेल्या वेळेत थोडी भर घालूनच मुलांना सांगा. अर्धा तास सांगून पाऊण तास लागला की मूल रडतं, एक तास सांगून पाऊण तासात झालं की ते नाचत चढतं.

सकाळी दार उघडायच्या अर्धा तास आधी तिथे असा. पहिल्या तासात कमी क्षमतेच्या, हळू भरणाऱ्या राइड उरकून घ्या, कारण दुपारी सर्वात वाईट रांगा त्यांच्याच होतात. एका वेळी शेकडो माणसं बसणारे शो आणि मोठ्या बोटी दुपारसाठी ठेवा. एक ते चार या वेळात लहान मुलं असलेल्या कुटुंबाने सरळ पार्काबाहेर यावं, खोलीवर जाऊन झोपावं आणि पाचला पुन्हा आत जावं, असं माझं ठाम मत आहे. मुक्काम जवळ घ्यायचा तो यासाठीही. त्याच दिवशी पुन्हा प्रवेश मिळतो का आणि त्यासाठी हातावर शिक्का लागतो का, ते बाहेर पडताना दारावर विचारा.

उंचीची पट्टी

याबद्दल मला जरा जास्त सांगायचंय, कारण इथे मुलांचं मन दुखावतं आणि ते टाळता येतं. राइडची उंचीची अट ही अडवणूक नसते. कमरेवरचा दांडा किंवा खांद्यावरचा पट्टा ठरावीक मापाच्या शरीरालाच धरून ठेवू शकतो, त्याहून लहान शरीर त्यातून निसटू शकतं. अमेरिकेत १०२, १२२ आणि १३७ सेंटिमीटरच्या अटी नेहमी दिसतात, युरोपात १२० आणि १४० च्या. काही कोस्टरना वरची मर्यादाही असते, तेव्हा उंच काकांनीही आधी बघून घ्यावं.

घरून निघायच्या आधी भिंतीपाशी उभं करून मुलांची उंची मोजा, पार्कात घालायचे तेच बूट घालून. मग पार्काच्या साइटवरून राइडची यादी काढा आणि मुलाच्या हातानेच खुणा करून घ्या: या माझ्या, या पुढच्या वेळच्या. एक सेंटिमीटर कमी असेल तर दारावरचा माणूस सोडणार नाही आणि त्याने सोडूही नये, हे मुलाला घरीच कळलेलं असावं. पाऊण तास रांगेत उभं राहून पट्टीपाशी परत पाठवलं गेलेलं आठ वर्षांचं पोर त्या दिवशी पुन्हा खुलत नाही. बुटात कागद-कापड घालून उंची वाढवू नका. तो दांडा त्या मुलासाठी बनवलेला नाही.

धाकटं बसू शकत नाही म्हणून आई किंवा बाबा राइड सोडून देतात, त्याचीही गरज नसते. बऱ्याच पार्कांत पालकांना आळीपाळीने बसू देतात: एक जण रांगेतून जाऊन बसतो, दुसरा मुलाजवळ थांबतो, मग दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता सोडतात. फलकावर हे लिहिलेलं असेलच असं नाही, दारावर विचारायचं.

गाडीच्या बाजूने थोडं

सगळी माणसं आणि सामान भरलेल्या गाडीला टायरमध्ये जास्त हवा लागते. किती, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं. हवा टायर थंड असताना, निघण्याआधी बघा. इलेक्ट्रिक गाडी जलद चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंत पटकन भरते, पुढचे २० टक्के रेंगाळतात, म्हणून १०० साठी वाट बघण्यापेक्षा एक थांबा जास्त घेतलेला परवडतो. पार्काची बॅग वेगळी भरून डिकीत सगळ्यात वर ठेवा: टोपी, पाणी, मुलांच्या कपड्यांचा जादा जोड, फोड आलेल्या पायांसाठी पट्ट्या, दर दोन तासांनी पुन्हा लावायचं सनस्क्रीन. बूट वापरातले असावेत. उन्हात उभी केलेली बंद गाडी पहिल्या अर्ध्या तासातच सर्वात जास्त तापते, तेव्हा औषधं आणि पॉवर बँक त्यात सोडू नका, आणि मुलाला तर एका मिनिटासाठीही नाही. गाडी कुठे लावली त्या खांबाचा फोटो काढा, त्याच सकाळी त्याच कपड्यांत मुलांचाही एक काढा. हरवलेल्या मुलाचं वर्णन करताना घाबरलेल्या आईबापांना शर्टाचा रंगही आठवत नाही.

बिघाड आत्ताच झाला असेल तर

हे वाचताना तुम्ही सहलीच्या मध्यावर असाल, पहिलं पार्क झालंय, उद्या दुसरं आहे आणि सगळे थकलेत, तर उद्याची सकाळ सोडून द्या. गजर लावू नका. उठल्यावर खा-प्या, दुपारी ऊन उतरेपर्यंत खोलीवर थांबा आणि चारनंतर पार्कात जा. संध्याकाळी शेवटच्या दोन तासांत रांगा पुन्हा कमी होतात. पुष्कळ पार्कांत बंद व्हायच्या वेळेआधी रांगेत उभं राहिलेल्यांना बसू देतात, पण काही राइडची रांग लवकर बंद करतात, तेव्हा आत शिरताच विचारून घ्या. मुलांना प्रत्येकी दोनच राइड निवडायला सांगा आणि त्या नक्की होतील एवढं बघा. बाकीचं मिळालं तर मिळालं.

त्या रात्री पुढचा रस्ता ठरलेला असेल तर मुक्काम एक दिवस वाढवा आणि तिसरं पार्क गाळा. तिकिटाची तारीख बदलून मिळते का, ते आदल्या रात्रीच बघा. काही तिकिटांवर ती सोय असते, पण ठरलेला दिवस उलटल्यावर ती सहसा मिळत नाही.